तरंगणारा फोमचा मासा आणि मोज्यातली बाटली

खोक्यातून बाहेर काढला तेव्हा मासा खरंच देखणा होता. जवळजवळ ६० सेंटिमीटर लांब, पोट भरलेलं, एकेक खवला कोरलेला, कल्ल्यामागे नेम धरण्यासाठी पुसट गोल. पोटाखाली दोरी बांधायला प्लास्टिकची कडी. खोक्यावर लिहिलं होतं की हे टार्गेट जमिनीवर आणि पाण्यात, दोन्हीकडे चालतं. मी तो घेतला पाण्यासाठीच. धनुष्यबाणाने मासेमारी करायला लागून मला चार हंगाम झालेत, आणि या चार हंगामांत मी जितके मासे चुकवले त्यातले बहुतेक एकाच कारणाने चुकवले: बाण वरून गेला. त्या एका चुकीवर सराव करता येईल असं टार्गेट मला हवं होतं. तीन महिने वापरल्यावर हे लिहिते आहे.

पहिल्या दिवशी तळ्यावर गेलो आम्ही तिघं. मी, माझी तेरा वर्षांची मुलगी आणि सुतारकामात हात बसलेले मामा. कडीला दोरी बांधली, दोरीला एक वीट बांधली आणि मासा सोडला. मासा तरंगला. दोरी दीड मीटरची होती, पाणी तिथे मीटरभर, त्यामुळे तरंगणारच म्हणून दोरी आखूड केली. मग मासा विटेला घेऊनच वर आला आणि वाऱ्याबरोबर हळूहळू पलीकडे निघाला. दुसरी वीट बांधली, तिसरी बांधली. तरी तो पाठ वर काढून तसाच.

मामांनी तो घरी नेला, काठोकाठ भरलेल्या टबात दाबून धरला आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजलं. साडेसात लिटर. माशाचं वजन १.१ किलो. म्हणजे पूर्ण बुडाला की पाणी त्याला ६.४ किलोच्या जोराने वर ढकलणार. आणि वीट तरी पाण्यात वीट राहते कुठे? तीन किलोची वीट पाण्यात जेमतेम दीड किलोची भरते, कारण तीही आपल्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. साध्या दगडाचा हिशोब केला तर हा मासा नुसता बुडवून ठेवायला साडेदहा किलो दगड लागतो. खोक्यावर याबद्दल एक ओळ नाही. “पाण्यात चालतो” याचा अर्थ “पाण्यावर तरंगतो” एवढाच असेल तर तसं छापायला हवं होतं.

आम्ही बारा किलोचा दगड बांधून बुडवलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासा वर, दगड खाली. कडी फोममधून उपटून आली होती. ती फोममध्ये फक्त दोन-अडीच सेंटिमीटर रुतवलेली होती, आरपार नव्हती. पुढे मामांनी माशाच्या अंगातून आरपार सळई घालून दोन्ही बाजूंना रुंद वॉशर लावले, तेव्हा ते टिकलं. पण विकत घेतलेल्या वस्तूला पहिल्याच आठवड्यात ही दुरुस्ती लागावी, हे मला पटलेलं नाही.

तरंगणारं टार्गेट का चालत नाही, हे नव्याने शिकणाऱ्यांना नीट सांगायला हवं, कारण मलाही पहिले दोन हंगाम ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. सगळे म्हणायचे, “खाली मार.” किती खाली, कधी खाली, याचं उत्तर नसायचं.

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो ते सांगणारा आकडा, १.३३. सरळ वरून वाकून पाहिलं तर ४० सेंटिमीटर खोल असलेला मासा ३० सेंटिमीटरवर दिसतो. पण तेव्हा तो वर दिसतो एवढंच, बाजूला सरकत नाही. डोळा आणि मासा एकाच उभ्या रेषेत असतील तर बाण सरळ सोडायचा, लागतो. गोंधळ होतो तो तिरकं पाहताना, आणि काठावरून आपण नेहमी तिरकंच पाहत असतो. ४५ अंशांत पाहताना त्याच ४० सेंटिमीटर खोल माशाच्या दिसणाऱ्या जागेवर नेम धरला तर बाण खऱ्या माशाच्या १५ सेंटिमीटर वरून जातो. नजर आणखी आडवी झाली, पाण्याच्या पातळीशी ३० अंशांवर आली, की तोच फरक २० सेंटिमीटर होतो. २० अंशांवर सव्वापंचवीस-साडेपंचवीस. मासा तोच, खोली तीच. काठावर दोन पावलं मागे सरलात की उत्तर बदललं.

म्हणून तरंगणाऱ्या माशावर कितीही नेम बसवला तरी तुम्ही फक्त धनुष्य ओढायचा सराव करता. डोळ्याला फसवलं जायचा अनुभव त्यात नाही. उलट हात दिसेल तिथे मारायला शिकतो, आणि ती सवय मोडायला दुप्पट वेळ लागतो.

एक अंदाजाचा नियम जुन्या हातांकडून ऐकायला मिळतो: १० फूट अंतर आणि १ फूट खोली असेल तर ४ इंच खाली. अंतर दुप्पट झालं तर ८, खोली दुप्पट झाली तरी ८. नियम चांगला आहे. मी कागदावर ताडून पाहिला. नजर ४५ अंशांवर असेल तर एका फुटाला साडेचार इंचांच्या आसपास येतात. २० फुटांवर, पाण्यापासून डोळे अडीच मीटर उंच धरले तर सव्वासात येतात. म्हणजे जवळच्या अंतरात नियम खरा. पण तो तसाच ताणत नेला तर फसवतो. ४० फुटांवर, एका फुटाच्या खोलीला तो १६ इंच सांगेल, आणि हे शक्यच नाही. तुम्ही कितीही लांबून पाहा, मासा पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा वर दिसू शकत नाही. एक फूट खोल माशाचा फरक बारा इंचांच्या आतच राहणार. ही गोष्ट मला वहीत आकृती काढताना लक्षात आली आणि त्या दिवसापासून लांबचे बाण वाया जाणं कमी झालं. तसंही इतक्या लांबून मारू नये. या बाणांना पिसं नसतात, मागे दोरी ओढत जातात, दहा-बारा मीटरच्या पुढे त्यांचा भरवसा नाही.

तर टार्गेट हवं ते पाण्याखाली, हव्या त्या खोलीवर स्थिर राहणारं. ते आम्ही घरी दोन प्रकारचं केलं.

पहिलं फारच साधं. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, झाकण घट्ट, वरून जुना तपकिरी मोजा चढवलेला, मोज्याचं तोंड बाटलीच्या मानेशी बांधलेलं, त्यातून दोरी आणि दोरीला वीट. बाटलीची उचल अर्ध्या किलोच्या आत, त्यामुळे एक वीट पुरते. दोरीला २०, ४०, ६० सेंटिमीटरवर गाठी मारल्या की खोली बदलता येते. मोजा ही मुलीची कल्पना. नुसती बाटली उन्हात चमकते, लांबून हवी तेवढी दिसते आणि सराव सोपा होतो. तपकिरी मोजा गढूळ पाण्यात माशाच्या पाठीसारखाच अंधुक दिसतो. शिवाय बाण लागून प्लास्टिक फुटलं तर तुकडे मोज्यातच राहतात. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण जिथे सराव करतो ते पाणी कुणाचं तरी घर आहे.

या बाटलीचं आणखी एक सुख म्हणजे बाण लागल्याची पावती लगेच मिळते. छिद्र पडलं की बुडबुडे येतात आणि बाटली हळूहळू बसते, कारण त्या प्लास्टिकची घनता पाण्यापेक्षा जास्त असते, आत हवा असते तोवरच ती तरंगते. पण याचाच दुसरा अर्थ असा की एक बाण, एक बाटली. वीस बाणांच्या सरावाला रिकाम्या बाटल्यांची पिशवी न्यावी लागते आणि तेवढ्याच मोजून परत आणाव्या लागतात. आम्ही जाताना आणि येताना मोजतो.

दुसरं टार्गेट टिकाऊ. तंबूत झोपायला जी फोमची चटई मिळते, पाणी न शोषणारी, ती एक सेंटिमीटर जाडीची घेतली. तिचे ४० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असे माशाच्या आकाराचे पाच तुकडे कापून एकावर एक ठेवले. पहिल्या वेळी ते गोंदाने चिकटवले. चूक झाली. गोंद वाळून आत कडक पापुद्रा तयार झाला, बाण त्यात असा रुतायचा की काढताना फोमच फाटायचा. दुसऱ्या वेळी गोंद टाळून नायलॉनच्या तीन पट्ट्यांनी आवळून बांधले. आता बाण निघतो आणि भोक बऱ्यापैकी मिटतं. एखादा थर फार चाळणी झाला तर तेवढाच बदलता येतो. सफेद थर्माकोल कधीही वापरू नका. त्याचे मणी सुटतात, ते गोळा करता येत नाहीत आणि मासे, पक्षी ते खातात.

या चटईच्या माशाचं आकारमान सुमारे दोन लिटर, म्हणजे उचल १.९ किलो. पाच किलोचा दगड पुरेल असा हिशोब होता आणि तो पुरलाही, पण मामांना पुढचं सुचलं. दगडाला लोखंडी कडी बसवायची, माशाची दोरी त्या कडीतून ओवून काठावर आणायची. काठावरून दोरी ओढली की मासा खाली जाणार, सैल सोडली की वर येणार. दोरीवर दर २० सेंटिमीटरला रंगाची खूण. खुणा मोजून पाण्यात न उतरता खोली बदलता येते, आणि हळू ओढलं-सोडलं तर मासा हललाही पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात मासा नव्हे, दगडच हलला. दोरी ओढली तसा तो चिखलावरून सरकत काठाकडे यायला लागला. मामा थोडा वेळ पाण्याकडे बघत बसले आणि मग म्हणाले, “अगं, पाच किलोतले दोन किलो पाण्यानेच खाल्ले. उरलेल्यातले दोन मासा उचलतोय. मग जमिनीला धरून बसायला दगडाकडे उरलं काय?” बरोबर होतं. एक किलोभर वजनाने टेकलेल्या दगडाला आम्ही जवळजवळ दोन किलोच्या जोराने आडवं ओढत होतो. तोच बारा किलोचा दगड, जो विकतच्या माशासाठी शोधला होता, तो इथे कामी आला. तेव्हापासून जागचा हलला नाही.

ही दोरी ओढणाऱ्याने कुठे उभं राहायचं यावर मी अजिबात तडजोड करत नाही. दोरी १५ मीटरची आहे ती यासाठीच. ती काठावर खुंटीच्या कडीतून फिरवून नेमबाजाच्या मागे नेलेली आहे. मुलगी दोरी ओढते ती माझ्या पाठीमागे पाच पावलांवर बसून. आडव्या कोनात सोडलेला बाण पाण्यावरून चपट्या दगडासारखा उडू शकतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. समोर कुणी नको, समोरच्या काठावर कुणी नको, बाजूलाही नको. आणि ज्या तळ्याच्या तळाला प्लास्टिकचं अस्तर आहे तिथे हा सराव करायचा नाही, एकच बाण ते अस्तर फाडायला पुरेसा आहे.

बाणांविषयी. सरावाला मासेमारीचाच जड फायबरग्लासचा बाण वापरा, दोरीसकट, रीळसकट. दोरी नसलेला बाण वेगळा उडतो. फक्त टोक बदला. काटे असलेलं टोक फोममध्ये गेलं की माशात जसं अडकतं तसंच अडकतं, काढताना फोमचा गोळा घेऊन येतं. मी जुन्या टोकाचे काटे काढून टाकले आहेत आणि तो बाण लाल रंगाची पट्टी मारून वेगळा ठेवला आहे. दोरी बाणाच्या मागच्या भोकात थेट बांधायची नाही. ती सरकणाऱ्या कडीला बांधायची, म्हणजे धनुष्य ताणलेलं असताना दोरी प्रत्यंचेच्या पुढेच राहते. दोरी प्रत्यंचेत किंवा बोटात अडकली आणि बाण सुटला तर तोच बाण ताणून उलटा आपल्याकडे येतो. टार्गेटवर मारताना माणूस निर्धास्त होतो, म्हणून मी सरावातही प्रत्येक बाणाआधी दोरीवरून हात फिरवते. मुलीला सांगून सांगून आता ती माझ्या आधी ओरडते, “आई, दोरी बघ!”

पोलराइज्ड चष्म्याबद्दल विचारलं जातं म्हणून लिहिते. तो घालाच, सरावातही. पाण्यावरची चकाकी एका विशिष्ट कोनात, उभ्या रेषेपासून साधारण ५३ अंशांवर, जवळजवळ पूर्णपणे एका दिशेने कंप पावणारी असते आणि चष्मा ती कापतो. मासा स्पष्ट दिसतो. पण तो जिथे दिसतो तिथेच दिसतो. चष्म्याने अपवर्तन जात नाही. माझ्याबरोबर शिकणाऱ्या एकाचा असा समज होता की चांगला चष्मा घातला की खाली मारायची गरज उरत नाही. त्याला मी चष्मा घालूनच बाटलीवर दहा बाण मारायला लावले. दहाही वरून गेले.

सरावाची माझी पद्धत अशी. आधी २० सेंटिमीटर खोलीवर, चार पावलांवरून, पाच बाण. मग जागा न बदलता मुलगी मासा ४० वर नेते. मग ६० वर. मग मी मागे सरते. सगळ्यात शेवटी ती न सांगता खोली बदलते आणि मी तीन मोजायच्या आत बाण सोडायचा, कारण खरा मासा वाट बघत नाही आणि या धनुष्याला नेम धरायची खूण नसते, हात आणि डोळा एवढंच. मीटरभराच्या खाली नेण्यात अर्थ नाही, तिथवर पोचेपर्यंत पाणी बाणाचा जोर खाऊन टाकतं. पहिल्या दिवशी वीसपैकी दोन लागले. तिसऱ्या आठवड्यात अकरा. चाळीसच्या खोलीवर तर मला आता आकडा आठवावा लागत नाही, नजर आपोआप माशाच्या पोटाखालच्या रिकाम्या पाण्यावर जाते. ती जागा रिकामी दिसते आणि बाण मात्र फोममध्ये जाऊन थांबतो. हा आनंद मला शब्दात नीट सांगता येत नाही.

मग विकतचा मासा वाया गेला का? नाही. जमिनीवर तो उत्तम आहे, आणि हे मी मनापासून लिहिते. पाऊस असेल, पाणी गढूळ असेल, तळ्यावर जायला वेळ नसेल, तेव्हा तो गवतात ठेवते आणि स्टुलावर उभी राहून खाली मारते. होडीतून किंवा उंच काठावरून मारताना कमरेतून वाकायचं असतं, नुसता हात खाली करायचा नसतो. ते अंगात बसवायला हा मासा हवाच. त्याचा फोम चटईच्या फोमपेक्षा कितीतरी दाट आहे. ओढायला चाळीस पौंडांचा जोर लागणाऱ्या धनुष्यातून जवळून मारलेला जड बाण त्याने एकदाही आरपार जाऊ दिला नाही. शंभरावर बाण खाऊनही कल्ल्याजवळची जागा तेवढी मऊ पडली आहे. बाण काढायला जोर लागतो, पण जमिनीवर सराव असेल तर बाणाच्या पुढच्या वीतभर भागावर साबणाची कोरडी वडी घासली की सहज निघतो. पाण्यात हे करू नका.

तेव्हा जमिनीवरच्या सरावासाठी पाचपैकी चार. पाण्यासाठी, आहे तसा, एक. बनवणाऱ्यांनी त्याचं पोट निम्मं केलं, कडी आरपार घातली आणि खोक्यावर “बुडवायला इतकं वजन लागेल” एवढा आकडा छापला, तर मी पाण्यासाठीही पुन्हा घेईन. काठावरून तसंही माशाची पाठच जास्त दिसते, फुगलेल्या पोटाचा उपयोग दुकानातल्या फळीवर.

गेल्या रविवारी मुलीने पहिल्यांदा तिच्या हलक्या धनुष्याने चटईच्या माशावर बाण मारले आणि मी दोरी ओढायला मागे बसले. पहिले सहा वरून गेले. सातव्याला ती थांबली, धनुष्य खाली घेतलं आणि म्हणाली, “आई, तो जिथे दिसतोय तिथे नाहीचे.” मग आठवा बाण सोडला. दोरीला माझ्या हातात हिसका बसला.